एक लाख ऐंशी हजार

जुन्या गाडीची किंमत विचारायला आलेल्या माणसाला किंमत नको असते, हे मला या धंद्यात पडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळलं. त्याच्या मनात आकडा आधीच ठरलेला असतो. त्यावर त्याला फक्त कोणाची तरी सही आणि शिक्का हवा असतो. विकणाऱ्याचा आकडा वरचा, घेणाऱ्याचा खालचा, आणि गाडीवर कर्ज काढणाऱ्याचा तर आभाळातला. मी नागपुरात, रामदासपेठेत एका दवाखान्यामागच्या गल्लीत दहा बाय बाराच्या खोलीत बसतो आणि बँकांसाठी, विमावाल्यांसाठी, कधीमधी कोर्टासाठी जुन्या गाड्यांचं मूल्यांकन करतो. सत्तावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझ्या आकड्यावर मनापासून खूश झालेला माणूस मला आठवत नाही. त्याचा मला थोडा अभिमानही वाटत आला आहे.

पद्धत साधी आहे. जाहिरातीतला भाव मी बघत नाही, कारण मागितलेला भाव ही माणसाची नुसती इच्छा असते. गाडी खरोखर कितीला सुटली, तो भाव. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ढीग समोर ओततात आणि चारचौघांत बोली लागते, तसं गाडीचं होत नाही. सौदा दोघांत होतो आणि दोघंही नंतर खोटं सांगतात. म्हणून मी ओळखीच्या तीन डीलरना वेगवेगळा फोन करतो. या महिन्यात या मॉडेलची, या सालाची गाडी तुझ्याकडून कितीला गेली, एवढंच विचारतो. तिघांच्या आकड्यांतून मधला धरतो. मग गाडीजवळ जातो.

बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून पाहायचा. आत पुट्टी भरलेली असली तर आवाज बद्द येतो. दाराचं रबर थोडं ओढून आतले कंपनीच्या वेल्डिंगचे ठिपके मोजायचे. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत बाहेर काढायचा, कारण पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर शेवटच्या वीतभर भागात चिखलाची रेघ राहून गेलेली असते. मीटर सगळ्यात शेवटी बघायचा. त्याआधी ब्रेकच्या पेडलचं रबर बघायचं. मीटर मागे फिरवणारे पुष्कळ आहेत, पण पेडलचं रबर बदलायचं सहसा कोणाला सुचत नाही.

शिवाय आपल्याकडचं ऊन. नागपुरात उघड्यावर उभी राहणारी गाडी टपाकडून म्हातारी होते. उमरेडकडे कोळशाच्या खाणीवर चाललेली गाडी कितीही धुतली तरी तिच्या गालिच्याखाली काळी पूड सापडतेच. एमएच-चाळीस, म्हणजे नागपूर ग्रामीणचा नंबर दिसला की डीलर पाच हजार कापूनच बोलतो, कारण ती बांधावरून गेलेली असणार असं तो धरून चालतो. आणि विकायला आलेली प्रत्येक दुसरी गाडी डॉक्टरची असते. या शहरात तेवढे डॉक्टर असते तर माझ्या गल्लीतल्या दवाखान्यात एवढी रांग लागली नसती.

माझा एक नियम आहे आणि तो मी कधी मोडला नाही. गाडीवर आज काय आहे ते बघायचं. कोणी केलं, का केलं, कोणत्या अडचणीत केलं, ते विचारायचं नाही. लोक सांगतात. मुलीच्या लग्नासाठी विकतोय, मुलगा परदेशी चाललाय, ही गाडी घरात आली आणि आमचं भलं झालं. मी मान हलवतो आणि टायरची झीज मोजतो. हा नियम चुकीचा आहे असं मला आजही वाटत नाही. एका गाडीपुरता तो मला पुरला नाही, एवढंच सांगायचं आहे.

ती गाडी बाबांची होती. बाबा रामटेकजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेत शिक्षक होते, घरचं सहा एकर धानाचं शेत होतं. अडुसष्टाव्या वर्षी पेन्शनीतून साठवलेल्या पैशात त्यांनी ही पांढरी, छोटी, पेट्रोलवरची गाडी नवीकोरी घेतली आणि सात वर्षं गावात स्वतः चालवली. मग त्यांची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागलं आणि ते रामदासपेठेतच होत होतं, माझ्या ऑफिसपासून पायी पाच मिनिटांवर. पण बाबा राहिले धाकट्या बहिणीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मानेवाड्याला. माझं घर तिसऱ्या माळ्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. हे कारण खरं होतं, आणि सोयीचंही होतं. मोठे भाऊ गावात शेती बघत होते, त्यांना कोणी विचारलंच नाही. बहिणीचा नवरा हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. तेव्हा बहिणीनं बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकून घेतली आणि चार वर्षं बाबांना तिनंच नेलं-आणलं.

बाबा गेले. तेरवीनंतर दहा-बारा दिवसांनी आम्ही तिघं भावंडं गावच्या घरी बसलो. शेत बाबांच्या नावावर होतं, म्हणजे कायद्यानं तिघांचं. आमच्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून देतात. सगळ्यांच्याच बहिणी देतात, आमच्या आत्यानंही दिलं होतं. त्यामुळे मोठ्या भावानं विषय काढला तेव्हा आवाजात जराही संकोच नव्हता.

"बाई, तुही सही लागन."

"करतो ना गा भाऊ. मी कधी नाही म्हटलं?" बहीण म्हणाली. मग म्हणाली, "फक्त बाबाची गाडी मले द्या."

तिनं काही मागावं याची आम्हाला सवय नव्हती. भाऊ माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"घे ना," भाऊ म्हणाले. "पण फुकटात नेली असं नको. तुह्या हिश्श्यात धरू. घरचा एक कागद करू, का शेत दोघा भावायले अन् गाडी बहिणीले, एवढ्या एवढ्या किमतीची. उद्या कोणी म्हणाले नको का भावायनं बहिणीले खाली हातानं पाठवलं." मग मला म्हणाले, "तुहाच धंदा आहे. काढ किंमत."

बहीण आत चहा ठेवायला गेली तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "अडीच लाख लिहून टाक ना गा. चांगलं दिसते."

"नाही भाऊ. जे निघन तेच लिहीन."

"अरे तिले थोडेच द्यायचे आहे पैसे? कागदावरच तं आहे."

"कागदावर आहे म्हणूनच."

मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं. लोक मला आकडा वाढवायला सांगतात आणि मी वाढवत नाही, हे बाहेर रोजचं होतं. पण इथे सख्ख्या मोठ्या भावासमोर मी बहिणीच्या बाजूनं उभा राहिलो होतो. तिच्या नावावर उगाच सत्तर-ऐंशी हजार जास्त लागू देणार नव्हतो. परतीच्या बसमध्ये मी याच समाधानात होतो.

पुढच्या रविवारी अकरा वाजता मी मानेवाड्याला गेलो. सकाळपासून गाडी चालू करू नकोस, इंजिन थंड असताना बघायचं असतं, असं बहिणीला सांगून ठेवलं होतं. ती दारातच उभी होती. मी म्हणायच्या आधी तिनं बॉनेट उघडलं आणि ते टेकवायची दांडी बरोबर खाचेत बसवली. मला हसू आलं, कारण हिला लहानपणी सायकलची चेन बसवता येत नव्हती.

मी नेहमीसारखं काम केलं. किल्ली फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, धूर नाही. पत्रा सगळीकडे खणखणीत. चाकाच्या वरच्या पोकळीत गावचा जुना वाळका चिखल अजून होता, म्हणजे एमएच-चाळीसचे पाच हजार गेले. टायर चारही जवळजवळ नवीन. बॅटरी वर्षाची. क्लच हलका, नुकताच बदललेला. एसी एवढा गार की दोन मिनिटांत हाताला झोंबायला लागला. मीटरवर अठ्ठावन्न हजार किलोमीटर. अकरा वर्षांच्या गाडीला हे फार कमी, आणि पेडलचं रबरही तेच सांगत होतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं तारखेनुसार लावलेली. सवयीप्रमाणे मी त्या बिलांचे मोबाइलवर फोटो काढले आणि माझ्या फॉर्मवर लिहिलं, सर्व्हिस रेकॉर्ड उपलब्ध.

उणिवा दोनच होत्या. पुढची डावी सीट एका बाजूनं दबलेली आणि तिच्यावर डाग. आणि त्या सीटसमोर, दार जिथे बंद होतं त्याच्या पुढच्या खांबाला, म्हाताऱ्या माणसांसाठी बाथरूममध्ये लावतात तसला वीतभर स्टीलचा दांडा चार स्क्रूंनी पक्का केलेला. कंपनीच्या पत्र्याला चार भोकं. भोक पाडलं की तिथून गंज धरतो, दांडा काढला तरी भोकं राहतात, आणि घेणारा नेमकं त्यावर बोट ठेवतो. मी तीन हजार वजा लिहिले.

सोमवारी तीन फोन झाले. मधला भाव एक लाख सत्तर निघाला. त्यावर टायरचे आठ हजार, बॅटरीचे दोन, कमी चालल्याचे दहा. वजा ग्रामीण नंबरचे पाच, भोकांचे तीन, सीटचे दोन. एक लाख ऐंशी हजार. मी तो आकडा दोनदा तपासला. नागपुरात त्या आठवड्यात ती गाडी त्याच भावाला सुटली असती, हजार इकडे नाही की तिकडे नाही. असा स्वच्छ आकडा वर्षातून चार-दोन वेळाच हाती लागतो.

बुधवारी टाइप केलेला अहवाल घेऊन मी स्वतः बहिणीकडे गेलो. खरं तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता आला असता. पण भाऊ अडीच लाख म्हणत होते आणि मी ऐकलं नाही, हे मला तिला समोर बसून सांगायचं होतं. ते मी सांगितलं. ती "बरं केलं" म्हणाली, चष्मा लावला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वाचू लागली.

"टायर नवीन. अधिक आठ हजार," तिनं वाचलं. "दादा, टायर तं मीच टाकले ना गा."

"हो. पण कोणी टाकले ते आम्ही पाहत नाही. गाडीवर काय आहे ते पाहतो."

"असं आहे का." बोट खाली सरकलं. "अन् बॅटरीही मीच टाकली. म्हणजे मी टाकली म्हणून गाडी महाग झाली, अन् महाग झाली म्हणून मले जास्त भेटलं."

मी म्हणालो, बाजारभाव असाच काढतात. ते खरंच आहे. कोणत्याही बँकेत, कोणत्याही कोर्टात मी हेच उत्तर दिलं असतं आणि ते चाललं असतं.

"अन् हे वजा तीन हजार?"

"दांड्यासाठी भोकं पाडली ना, त्याचे."

तिनं बोट त्याच ओळीवर ठेवलं. "दांडा नसता तं बाबाले उतरताच येत नव्हतं. डायलिसिस झाल्यावर त्याईच्या पायात जीवच राहत नव्हता. एक डाव माह्या हातातून सुटले, तवा बसवून घेतला."

हे मला माहीत नव्हतं. चार वर्षांत मी बाबांना गाडीतून उतरताना एकदाही पाहिलं नव्हतं. मी रविवारी सकाळी जायचो, डझनभर केळी आणि पेपर घेऊन, तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून बसलेले असायचे. डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं. पायी पाच मिनिटांवर असूनही मी त्या वेळी बहुधा कोणाच्या तरी गाडीचा पत्रा वाजवत असायचो.

"तुह्या हिशेबात चूक नसन," बहीण म्हणाली. तिनं अहवालाची नीट घडी घातली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी वाद घातला असता आणि मोकळा झालो असतो.

ऑफिसात आल्यावर मी मोबाइलमधले बिलांचे फोटो उघडले. रविवारी मी फक्त बिलं आहेत एवढं पाहिलं होतं, ती कोणाच्या नावावर आहेत ते पाहिलं नव्हतं. चार वर्षांची सगळी तिच्या नावावर होती. टायर, क्लच, बॅटरी. एसीचं एकवीस हजारांचं बिल ऐन मे महिन्यातलं. अकरा वेळा सर्व्हिसिंग. चार वर्षांचा विमा. मी बेरीज मारली. एक लाख एकोणचाळीस हजार.

एक लाख ऐंशीतून ते गेले की उरतात एकेचाळीस. बाबा आजारी पडल्यावर ती गाडी चार वर्षं गावातच उभी राहिली असती तर तिचं काय झालं असतं, ते मी रोज बघतो. उंदीर वायर खातात, टायर बसतात, एसी संपतो, आणि शेवटी भंगारवाला चाळीसेक हजार हातावर ठेवतो. म्हणजे बाबांनी मागे ठेवलेली गाडी तेवढ्याची. वरचं सगळं तिनं घातलेलं. दवाखान्याच्या चारेकशे खेपांच्या पेट्रोलचा अंदाज काढला तेव्हा ते एकेचाळीसही उरले नाहीत. मी आणि भाऊ मिळून बहिणीला तिचीच गाडी तिच्या हिश्श्यात देत होतो, आणि तिची योग्य किंमत मी दोनदा तपासून काढली होती.

मला लाज वाटली. लाज वाटल्यावर माणूस काहीतरी करतो असं मला वाटायचं. मी भाऊंना फोन केला आणि बेरीज-वजाबाकी सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग मी दरसाल दोन पोते तांदूळ धाडत होतो, तेही जोड," ते म्हणाले. "अन् दवाखान्याचा खर्च तिनं किती केला, मी किती केला, तू किती केला, सबन काढ. तुले हिशेब येते ना? काढ."

मी महिन्याला दोन हजार द्यायचं ठरवलं होतं. ते तीन महिन्यांतून एकदा आठवायचं. तो हिशेब निघाला असता तर तिघांत सगळ्यात खाली माझं नाव आलं असतं, तांदूळवाल्याच्याही खाली. दोन एकर आपल्या हिश्श्याला येतात की तीन, हेही त्याच हिशेबात निघालं असतं. सत्तावीस वर्षं लोकांना त्यांच्या वस्तूची किंमत सांगत आलेल्या मी, त्या जमिनीचा एकरी भाव काय चालला आहे, हे तोवर कोणालाही विचारलं नव्हतं. एक फोन पुरला असता.

"राहू द्या भाऊ," मी म्हणालो.

सहीच्या दिवशी रामटेकला जायला बहिणीनं मला घरून घेतलं, त्याच गाडीतून. गाडी ती चांगली चालवते, गिअर बदललेला कळत नाही. मी तिच्या शेजारी दबलेल्या सीटवर बसलो होतो. कामठी मागे पडली तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, बिलं पाहिली मी. तुझेच पैसे आहेत त्या गाडीत. हिशेब बरोबर नाही झाला.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. समोर संत्र्यांनी भरलेला ट्रक होता, त्याला ओलांडून झाल्यावर पुढे बोलली. "तुले बिलं पाहून समजलं, मले त्याच्या आधीच समजलं, तुह्या समोर तो कागद वाचला तवा."

"मग सही काहून करतं? नको करू. मी बोलतो भाऊशी."

"तू बोलला ना फोनवर. वहिनीनं सांगतलं मले. मंग काय झालं?"

मी सीटबेल्ट उगाच सरळ केला.

"दादा, आई नाही, बाबा नाही. मले वर्षातून दोनदा तरी गावाले याव वाटते. आलं तं कोणी पाणी विचारलं पाह्यजे, दोन दिस राहा म्हटलं पाह्यजे. शेत मागतलं का ते बंद. हे मी चार वर्षांपासून समजून आहे, आजचं नाही." गिअर बदलून म्हणाली, "अन् गाडी मले चालवाले आवडते. एवढंच आहे."

मनसरचं वळण आलं. माझं घर तुझंच आहे, माझ्याकडे ये, असं काहीतरी म्हणणार होतो, पण तिसरा माळा आठवला. रामटेकला उतरताना माझा हात आपोआप त्या दांड्यावर गेला. तो बरोबर उंचीवर लावलेला होता.

निबंधक कार्यालयाबाहेर भाऊ दस्त लिहिणाऱ्याबरोबर उभे होते. दोन्ही कागद तयार होते. एक घरचा, साधा, नातेवाइकांना दाखवायला कपाटात ठेवायचा. त्यात शेत दोघा भावांना आणि गाडी बहिणीला, किंमत रुपये एक लाख ऐंशी हजार, सोबत माझा अहवाल जोडलेला. दुसरा सरकारी, हक्कसोडपत्र. त्यात लिहिलं होतं की मी माझा हक्क कोणताही मोबदला न घेता स्वखुशीनं सोडत आहे. दस्त लिहिणाऱ्यानं बहिणीला बाजूला घेऊन समजावलं. आत साहेब विचारतील, की बदल्यात काही घेतलं का. गाडीचं नाव काढायचं नाही. मोबदला लिहिला की मुद्रांक वाढतो, कागद परत करावा लागतो. सरळ नाही म्हणायचं.

"ताई, ध्यानात राहीन ना?"

"राहीन," बहीण म्हणाली.

आत आम्ही टेबलासमोर ओळीनं उभे राहिलो, भाऊ, बहीण, मी आणि दस्त लिहिणारा. साहेबांनी बहिणीचा फोटो पडद्यावर पाहिला, नाव विचारलं, शिक्षण विचारलं. कोणाचा दबाव आहे का, विचारलं. ती नाही म्हणाली.

"हक्क सोडण्याच्या बदल्यात भावांकडून काही घेतलं? पैसा, दागिना, वाहन, काही?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," ती म्हणाली.

भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. दस्त लिहिणाऱ्यानं मान डोलावली, शिकवलेलं नीट बोलली म्हणून. त्या दोघांना वाटलं की ती ठरल्याप्रमाणे खोटं बोलली. तिनं अंगठा दिला, सही केली आणि माझ्याकडे न बघता बाजूला झाली. मग साहेबांनी माझं नाव घेतलं. ती खरं बोलली आहे, हे सांगायला माझ्याकडे तेवढाच वेळ होता. मी पुढे झालो आणि अंगठा टेकवला.